एकशेपासष्ट हर्ट्झ

रुपरावांना हर्ट्झ म्हणजे पन्नास, एवढंच ठाऊक होतं. हिंगण्याच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं मेंटेनन्सला काढलेला माणूस. मोटरा, पॅनल, स्टार्टर हेच त्यांचे सोयरे. आपल्या देशात वीज येते ती पन्नास हर्ट्झची, यात कुणी शंका काढलेली त्यांना चालली नसती. त्यामुळे पोरानं एकशेपासष्ट हर्ट्झचा मॉनिटर मागितला तेव्हा ते आधी हसले, आणि मग दोन दिवसांनी काळजीत पडले.

“घरात लाइन येते पन्नासची,” ते कामिनीला सांगत होते. “हे एकशेपासष्ट आणाचे कुठून? शिफ्टमधल्या लहानूले विचारलं मी. तो म्हणते, रुपरावभाऊ, पहिल्याच दिवशी बोर्ड जळन.”

कामिनी त्यांची मोठी मुलगी. लग्न होऊन मानेवाड्याला गेलेली, नऊ महिन्यांच्या मिनलची आई. दर रविवारी ऑटो करून जयताळ्याला माहेरी यायची, खांद्याला लेकीची फुगलेली पिशवी अडकवून. कॉलेजात दोन वर्षं कॉम्प्युटर शिकली होती. तेवढ्या भांडवलावर, मिक्सरपेक्षा नाजूक अशी कुठलीही वस्तू घरात यायची झाली की निकाल तिच्याकडे यायचा.

“बाबा, तो हर्ट्झ लाइनीचा नाही,” ती म्हणाली. “पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलते, त्याचा आहे. आपल्या जुन्यावर साठ वेळा बदलते, त्याच्यावर एकशेपासष्ट वेळा. लाइन आपली पन्नासचीच चालते.”

“पक्कं?”

“पक्कं.”

रुपरावांच्या कपाळावरची आठी सैल झाली. मग ते खुर्ची जरा पुढे ओढून, आवाज उतरवून म्हणाले, “मग आता तूच सांग वं. घ्यावा का नाही? पैशाचं नको पाहू, ते मी पाहतो. त्याच्या कामाचा आहे का, एवढंच सांग. तुले समजते त्यातलं.”

पैशाचं नको पाहू म्हटल्यावर प्रश्न उलट अवघड झाला. महाग आहे, या एका शब्दाखाली घरोघरी कितीतरी नकार निवांत झाकून राहतात. ते झाकण बाबांनी स्वतःच उचलून बाजूला ठेवलं होतं.

“पाहते,” कामिनी म्हणाली, आणि मिनलला कडेवर घेऊन पुढच्या खोलीत गेली.

पुढची खोली ऋषिकेशची. तिचा धाकटा भाऊ, वीस वर्षांचा. स्नायूंचा आजार, जन्मापासूनचा. आधी पाय गेले. दहाव्या वर्षी तो चाकाच्या खुर्चीत बसला तो कायमचा. मग खांदे गेले. हे दुखणं आईच्या अंगातून येतं आणि मुलांनाच धरतं, मुलींना सोडतं, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून मिनल झाली त्या दिवशी, मुलगी आहे असं नर्सनं बाहेर येऊन सांगितल्यावर, प्रेमिला, म्हणजे कामिनीची आई, दवाखान्याच्या जिन्यात जाऊन पोटभर रडली होती. सासरच्या मंडळींना वाटलं, नातू नाही झाला म्हणून. कामिनीला कळलं होतं कशासाठी ते. मायलेकींनी त्यावर आजवर एक अक्षर काढलेलं नव्हतं.

आता हातांची पाळी होती. वरून काही दिसत नव्हतं. बोटं तीच होती, लांबसडक, नखं नीट कापलेली. फक्त ग्लास आता त्याला उचलवत नव्हता, आणि जेवताना भाकरीचा तुकडा आई मोडून ठेवायची, गप्पांच्या नादात मोडल्यासारखा.

पण उंदरावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या माउसवर, हात अजून होता. रुपरावांनी खुर्चीला लाकडी फळी बसवून दिली होती. तिच्यावर डाव्या हाताखाली छोटा कीबोर्ड, उजव्या हाताखाली पिसासारखा हलका माउस, आणि कोपराखाली घडी केलेला टॉवेल. समोर जुना मॉनिटर. पाच जणांच्या टीमनं दुसऱ्या पाच जणांवर गोळ्या झाडायच्या, असला तो खेळ. खेळातलं त्याचं नाव पेंचटायगर, कारण त्यांचं गाव पेंचच्या जंगलालगतचं, पारशिवनीकडचं. टीममधले बाकीचे चौघे रायपूरचे, इंदूरचे, असे कुठले कुठले. त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. कॅमेरा तो लावत नसे. आवाज मात्र त्याचा खणखणीत होता, आणि आवाजावरून खुर्ची कळत नाही. तीन वर्षांपूर्वी या टीमनं त्याला शोधून, मागे लागून घेतलं होतं. तेव्हा त्याच्याइतका जलद हात त्यांच्यात कुणाचा नव्हता.

“आई, कोपर,” तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून प्रेमिला पदराला हात पुसत आली. घसरलेला कोपर दोन्ही हातांनी उचलून तिनं टॉवेलवर ठेवला, आणि परत गेली. पूर्वी हे तासातून एकदा व्हायचं. आज कामिनीनं बसल्या बसल्या पाहिलं, गॅसवरचा कुकर दोन शिट्ट्या करेपर्यंत आई तीनदा येऊन गेली.

मिनलला खाली सोडून कामिनीनं तिच्यापुढे चार मुरमुरे टाकले. अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून दाणा उचलायची विद्या बाईसाहेबांना गेल्याच आठवड्यात आली होती. जिभेचं टोक बाहेर काढून तिनं एक मुरमुरा चिमटीत पकडला, सगळ्यांना दाखवला आणि तोंडात टाकला.

“पाह्य हिचा नेम,” ऋषिकेश म्हणाला. “हिले टीममध्ये घे, ताई. मामा रिटायर.”

“तिचा मामा आधी अंघोळीला वेळेवर जाईल तर बरं.”

“मामा कॅप्टनच्या धाकात आहे. गप बस आता, राउंड सुरू होऊन राहिला.”

हेडफोनचं वजन मानेला झेपत नाही म्हणून टीमचं बोलणं साध्या स्पीकरवर यायचं. कामिनी त्याच्या मागे मोडक्या स्टुलावर बसून पाहत राहिली. एक बोळ होता, दोन्हीकडे विटांच्या भिंती. बोळाच्या टोकाला कोपरा. त्या कोपऱ्यातून एक माणूस निघाला. कामिनीला दिसला. ऋषिकेशलाही दिसला, मागून तिला त्याचं डोकं किंचित तिकडे वळलेलं कळलं. मग काहीच झालं नाही. मग पडदा लाल झाला. आणि त्यानंतर, सगळं आटोपल्यावर, माउसवरचं बोट दाबलं गेल्याचा बारीक टकचा आवाज आला. परदेशातल्या माणसाशी फोनवर बोलताना उत्तर मागाहून पोचतं, तसा.

“पेंच, क्या कर रहा है भाई,” स्पीकरमधून कॅप्टनचा आवाज. “सामने से गया वो.”

“दिखा ही नहीं यार. साठ का मॉनिटर है मेरा, कितनी बार बोलूँ.”

“नया कब आ रहा है?”

“बस, इसी हफ्ते.”

“आने दे. आख़िरी तारीख को टूर्नामेंट की लिस्ट देनी है. तब तक तेरी जगह पक्की. नया आ जाए, फिर देखते हैं.”

“हाँ, फिर देख लेना,” ऋषिकेश हसत म्हणाला. मग स्पीकर बंद करून, मागे न पाहता, त्यानं विचारलं, “बाबांनी सांगितलं का तुले, ताई? मॉनिटरचं?”

“सांगितलं.”

“मग?”

“उद्या दुकानात जाऊन पाहते म्हटलं,” कामिनी म्हणाली. असं काही तिनं ठरवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिनलला आईकडे ठेवून ती बर्डीच्या बाजारात गेली. दीड तास तिच्या हातात होता. मिनल जागी व्हायच्या आत परतायचं. दुकान दुसऱ्या माळ्यावर, आत गारेगार एसी आणि रंगीत दिव्यांचे कीबोर्ड. गौरांग नावाचा पंचविशीतला मालक स्वतः काउंटरवर होता. तिनं सांगितलं तसं तो म्हणाला, “नुसतं ऐकून नाही कळत, मॅडम. इकडं या.”

दोन पडदे शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्हीवर तोच खेळ, तोच विटांचा बोळ. गौरांगनं दोन्ही माउस एकदम फिरवले. डावीकडच्या पडद्यावर भिंत सरकली ती फिसकटत, पावसात काचेतून पाहिल्यासारखी. उजवीकडे भिंतीवर चिकटवलेलं एक पोस्टर होतं. ते सरकता सरकता कामिनीला चक्क वाचता आलं.

“अरे,” ती म्हणाली.

“झालं,” गौरांग खूश झाला. “ज्याला दिसलं त्याला दिसलं. हा डावा साठ, हा एकशेपासष्ट.”

“पण खेळताना किती फरक पडते?”

“सेकंदाचे शंभर भाग करा, त्यातला एक. समोरचा कोपऱ्यातून निघाला की तुम्हाला तेवढा आधी दिसते.”

“एवढ्याशानं काय होते?”

“हात फास्ट असला तर सगळं होते, मॅडम. जिंकणं-हरणं त्यातच आहे. खेळते कोण, मिस्टर?”

“भाऊ.”

“हात कसा आहे भाऊचा?”

इतका साधा प्रश्न कुणी विचारून वर्षं झाली होती. घरी येणारे जाणारे विचारायचे, तब्येत कशी आहे, आणि विचारता विचारता नजर दुसरीकडे न्यायचे. हा पोरगा सरळ तिच्याकडे पाहत होता, उत्तराची वाट बघत.

“चांगला आहे,” कामिनी म्हणाली. मग म्हणाली, “होता.”

गौरांगला दुसरा शब्द ऐकू गेला नसावा. “मग डोळे मिटून घ्या,” तो म्हणाला. “हात स्लो असला तर मी स्वतः सांगतो, नका घेऊ. चित्र येते एकशेपासष्टनं आणि बोट चालते आपल्या चालीनं, शोभेची वस्तू होते मग ती. आतापर्यंत मॉनिटरला शिव्या देत होता, आता देणार कुणाला? मग गिऱ्हाईक मला शिव्या देते.” आणि तो मनापासून हसला. त्याची काही चूक नव्हती. “फक्त एक लक्षात ठेवा. डब्यात जाड केबल येते, तीच लावायची. जुनी केबल लावली तर हा पण साठवरच अडकते. आणि नंतर सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलायचा. अर्धे लोक विसरतात. एक जण तर दोन वर्षं तसाच खेळला, वर मला सांगे, काय फरक पडला भाऊ.”

कामिनीनं फोटो काढला, किंमत विचारली, विचार करून सांगते म्हणाली आणि जिना उतरली.

ऑटो शंकरनगरच्या सिग्नलला थांबला तेव्हा गौरांगचा तो एक विनोद तिच्या मनात परत आला. आता देणार कुणाला? तिनं उगाचच ऑटोवाल्याला सांगितलं, “दादा, हळू चालवा.” ऑटो उभाच होता.

म्हणजे असं होतं तर. टेबलावर तो जुना पडदा आहे तोवर उशीर पडद्याला होतो. पडदा साठ वेळा बदलतो म्हणून माणूस दिसत नाही, म्हणून बोट मागाहून पोचतं. नवा आला, की पहिल्याच राउंडला त्या विटांच्या बोळात ऋषिकेश आणि त्याचा हात, दोघंच उरणार. चौघे पोरं ऐकत असणार. कॅप्टन म्हणणार, आता काय झालं भाई?

आणलाच नाही तर? तर कॅप्टन म्हणणार, मॉनिटर नाही ना तुझ्याकडे, मग दुसऱ्याला घेतो. जागा तरीही गेलीच.

घरी प्रेमिला वाटच पाहत होती. मिनल तिच्या मांडीवर, पदराचं टोक चोखत.

“काय म्हणते दुकानदार?”

“चांगला आहे म्हणते.”

“मग तोंड काहून असं केलं?”

“ऊन आहे बाहेर.”

प्रेमिलानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मिनलच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “हे पाह्य कामिनी, मले तुमचं हर्ट्झ-बिर्ट्झ समजत नाही. पण या पोरानं आजवर मागतलं काय? सायकल मागतली नाही. गाडी मागतली नाही. शाळेची ट्रिप जाची तर सर म्हणाचे, याले कसं न्याचं, अन् हाच म्हणे, मले नाही जाचं सर. वीस वर्षांत एक वस्तू मागून राहिला तो.”

आई, त्यानं जे मागितलंय तेच त्याला पुरं करून टाकेल, असं म्हणायचं? आणि आईनं विचारलं असतं, ते कसं वं, तर हात या शब्दाचा उच्चार या घरात मोठ्यानं करावा लागला असता.

ती ऋषिकेशच्या खोलीत गेली. पडदा बंद होता. काळ्या काचेत दोघांचे चेहरे दिसत होते, त्याचा पुढे, तिचा मागे.

“पाहिला?”

“पाहिला.”

“कसा दिसते?”

“भिंत फिरते ना, तेव्हा पोस्टर वाचता येते.”

“फिरता फिरता?”

“फिरता फिरता.”

त्यानं डोळे मिटले. “बाप्पा,” तो हळूच म्हणाला, गोड काहीतरी जिभेवर ठेवल्यासारखा.

“ऋष्या, खरं सांग. त्यानं फरक पडल?”

“टीमले वाटते पडल.”

“अन् तुले?”

“मले आधी येऊ तर दे,” तो म्हणाला, आणि मिनलचा नेम कसा सुधारला ते सांगायला लागला.

संध्याकाळी रुपराव कंपनीच्या बसमधून उतरून आले. हातपाय धुऊन, चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी विचारलं, “मग? काय म्हणते आपल्या इंजिनेर बाई?”

हो म्हणायचं धैर्य तिला होत नव्हतं आणि नाही म्हणायचं कारण तोंडातून काढता येत नव्हतं. अशा वेळी माणूस जे करतो तेच तिनं केलं. ती हो म्हणाली.

मॉनिटर गुरुवारी आला. कामिनी तेव्हा मानेवाड्याला होती. व्हिडिओ कॉलवर तिनं पाहिलं. प्रेमिलानं खोक्याला हळदीकुंकू लावलं, नारळ ओवाळला. रुपरावांनी सुट्टी टाकली होती. तोंडात स्क्रू धरून ते टेबलाखाली शिरले होते, आणि फोन धरलेली प्रेमिला सांगत होती, “तुह्या बाबाचं पाह्य, सकाळपासून पट्टी ठोकून राहिले.” भिंतीवरून खालपर्यंत पांढरी केसिंग पट्टी बसवून त्यांनी सगळ्या वायरी तिच्यात झाकल्या होत्या. एक वायर बाहेर दिसेल तर शपथ. कामिनीला केबलचं आठवलं. पण तेवढ्यात मिनल पलंगाच्या कडेला पोचली आणि फोन तसाच टाकून तिला धावावं लागलं. पुन्हा फोन उचलला तेव्हा कॉल कटला होता. जाऊ दे, तिला वाटलं, ऋषीला हे सगळं आपल्यापेक्षा जास्त समजतं. आकडा बघितल्याशिवाय तो राहायचा नाही.

रात्री त्याचा दोन शब्दांचा मेसेज आला. मस्त आहे.

पुढच्या रविवारी मिनलच्या खुळखुळ्याची बॅटरी संपली. बॅटरी, स्क्रू, इन्सुलेशन टेप, असलं सगळं रुपरावांच्या पत्र्याच्या पेटीत असायचं. कामिनीनं पेटी उघडली. वरच एक जाड काळी केबल होती, प्लास्टिकमधून न काढलेली, तार गुंडाळलेली तशीच. वर कागदाची पट्टी चिकटवून बाबांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ऋषी मॉनिटर. नवी. जपून.

तिनं केबल उचलून पट्टीवरची अक्षरं पुन्हा वाचली.

“बाबा,” मग तिनं हाक मारली, “ही केबल?”

रुपराव ओट्यावर बसून पेपर वाचत होते. “ती कंपनीनं संगं देल्ली. काढली नाही मी. जुनी मस्त चालून राहिली नं. चालत्या लाइनीले आपण हात लावत नाही, हा आपला नियम.” आणि जरा थांबून, अभिमान लपवत, “पट्टी पाहिली का?”

“पाहिली, बाबा. छान झाली.”

केबल ओढणीखाली धरून ती ऋषिकेशच्या खोलीत गेली. खेळ अजून सुरू व्हायचा होता. नवा पडदा मोठा होता, कडा बारीक. त्याच्यापुढे ऋषिकेश आणखी लहान दिसत होता. तिनं दार लोटलं आणि केबल फळीवर ठेवली, कीबोर्डच्या बाजूला.

“ऋष्या, तू साठवरच खेळून राहिला तीन दिवस. बाबांनी जुनीच—”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“बाबा लावून राहिले होते, तेव्हापासून.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“पट्टी पाहिली ना तू? सकाळपासून ठोकून राहिले होते बिचारे. ती उखडाले लावू?”

तो हसत होता. तीही हसली. मग त्याचं हसणं आधी थांबलं.

“टीमले सांगितलं,” तो म्हणाला, “मॉनिटर आला, पण केबल खराब निघाली. दुसरी मागवली आहे.”

मिनल दाराशी रांगत येऊन आतल्या आवाजात काहीतरी बोलत होती. कामिनीनं केबलकडे पाहिलं. दोन मिनिटांचं काम होतं. एका टोकाला ती खोचायची, दुसऱ्या टोकाला खोचायची, आणि आकडा बदलायचा. मग त्याला तो सेकंदाचा शंभरावा भाग मिळाला असता, पूर्ण, त्याच्या हक्काचा. आणि त्याच्यानंतर मागवायला काही उरलं नसतं.

“तुले वाटत असन मी घाबरून राहिलो,” ऋषिकेश म्हणाला.

“नाही रे.”

“राहिलो.”

त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण लहानपणापासून त्याला ते आवडत नसे. डोकं तेवढं ठीक आहे, त्याला काहून हात लावता, म्हणायचा. तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“ताई, एक कर. ही तुह्याकडे घेऊन जा. इथं राहिली तर बाबा कोणत्या तरी सुट्टीत लावून देतीन. त्यांचं काय सांगता येत नाही.”

“अन् ते विचारतील, केबल कुठं गेली?”

“म्हणजो, मिनूनं खेळायले नेली.”

मिनलच्या पिशवीत दुपटी होती, डायपर होते, उकळलेल्या पाण्याची बाटली होती. सगळ्यांच्या तळाशी कामिनीनं केबल ठेवली. संध्याकाळी निघताना बाबांनी पिशवी ऑटोपर्यंत उचलून नेली आणि म्हणाले, “काय भरलं वं यात? लेकरू नऊ महिन्याचं अन् सामान नव्वद वर्षाचं.”

मानेवाड्याला पोचल्यावर ती बाहेर काढून कपाटात ठेवायची, असं तिनं ठरवलं होतं. पण सोमवार आला, मंगळवार आला; डायपर संपले, नवे भरले, केबल तळाशी राहिली. पिशवी रिकामी करायला घेतली की तिचा हात तिच्यावर पडायचा आणि तसाच वर यायचा.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा पुढच्या खोलीतून आवाज येत होते. खेळ रंगात होता. मिनल कडेवर, पिशवी खांद्यावर, चपला काढता काढता ती दारातच थांबली. विटांचा बोळ, टोकाला कोपरा. माणूस निघाला. पडदा लाल झाला. टक.

मग कॅप्टनचा आवाज आला, नेहमीपेक्षा मऊ.

“पेंच, केबल का क्या हुआ भाई? परसों लिस्ट देनी है.”

ऋषिकेशनं मान वळवली नाही. चपलांचा आवाज त्यानं ऐकला होता. “ताई,” त्यानं विचारलं, “केबल आली का?”

पिशवीचा पट्टा कामिनीच्या खांद्यात रुतला होता.

“नाही अजून,” ती म्हणाली. मग आणखी एक पाऊल आत येऊन, माइकमध्ये जावं म्हणून जरा मोठ्यानं, “दुकानवाला बोला, अगले हफ्ते.”

“ठीक है, दीदी,” कॅप्टन म्हणाला. त्याच्या मागे आणखी कुणीतरी म्हणालं, “ठीक है.” कुणी अगला हफ्ता म्हणजे नेमका कधी, असं विचारलं नाही.

पुढचा राउंड लागत होता. पडद्यावर आकडे उलटे उतरत होते. स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

“ताई,” ऋषिकेश हळू म्हणाला, “कोपर.”

आजवर हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं मिनलला खाली ठेवलं, पिशवी खाली ठेवली. वीस वर्षांच्या मुलाचा हात, म्हणून तिनं दोन्ही हातांनी जोर लावून उचलला, आणि तो तिच्या अंदाजापेक्षा कितीतरी वर आला.